सरकणारी भूमि : समुद्राचा तळ व खंडें कशीं घडतात

अकस्मात् मोठें संकट कोसळलें म्हणजे "पायाखालची जमीन सरकली" असें आपण म्हणतों. ह्या बोलण्यांत आपला भाव असा असतो कीं, जें कधींही घडावयाचें नाहीं तेंच घडलें. घर पडेल, झाड उन्मळेल, नदी आपलें पात्र बदलील. परंतु जमीन मात्र जागची हलणार नाहीं, अशी लहानथोरांची समजूत असते. प्रिय वाचकहो, ही समजूत खरी नव्हे, हें आपणांस ह्या धड्यांत शिकावयाचें आहे. पायाखालची जमीन रोज सरकत आहे. आपण ज्या शेतांत पेरणी करितों, ज्या विहिरीचें पाणी पितों व ज्या टेकडीवर गुरें चारितों, तीं सर्व आपणांसकट दरसाल सुमारें पांच सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या दोन पेरांइतकीं, ईशान्येच्या बाजूस सरकत आहेत. आपल्या हाताचीं नखें ज्या वेगानें वाढतात, त्याहून ही चाल थोडीशीच अधिक आहे.

हें ऐकून कोणी म्हणेल, "इतक्या मंद चालीनें काय व्हावयाचें आहे?" ह्याचें उत्तर हिमालय पर्वत देतो, अरबी समुद्राचा तळ देतो, सह्याद्रीचा काळा फत्तर देतो, आणि दुःखाची गोष्ट ही कीं, किल्लारीचीं पडलेलीं घरेंही देतात. तर मग ही चाल कोठून उत्पन्न होते, तिच्या योगानें समुद्राचा तळ व खंडें कशीं घडतात, आणि तिच्याविषयींच्या ज्ञानाचा खेड्यांत राहणाऱ्या माणसास काय उपयोग, हें आपण क्रमानें पाहूं.

१. एका हवामानशास्त्रज्ञाचा तर्क

जगाचा नकाशा पुढें घेऊन दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा व आफ्रिकेचा पश्चिम किनारा पाहावा. एका भाकरीचे दोन तुकडे करून ते थोडे दूर ठेविले असतां त्यांच्या कडा जशा जुळतात, तसे हे दोन किनारे जुळतात. ही गोष्ट पुष्कळांनीं पाहिली होती. परंतु तिचा अर्थ नेटानें शोधण्याचें काम आल्फ्रेड वेगेनर ह्या जर्मन हवामानशास्त्रज्ञानें केलें. सर्व खंडें एके काळीं एकत्र होतीं व मागाहून तीं एकमेकांपासून दूर गेलीं, असें त्यानें १९१२ सालीं प्रतिपादन केलें, आणि १९१५ सालीं ह्या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याचें म्हणणें केवळ किनाऱ्यांच्या आकारावर उभें नव्हतें. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे प्रदेश आज हजारों मैलांच्या समुद्रानें एकमेकांपासून तोडलेले आहेत. तरी ह्या सर्वांच्या जुन्या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस नांवाच्या एकाच वनस्पतीचीं पानें दगडांत उमटलेलीं सांपडतात. तसेंच, ह्या सर्व प्रदेशांत प्राचीन काळच्या प्रचंड हिमनद्यांच्या खुणा आहेत. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत उन्हाळ्यांत अंगाची लाही लाही होते. परंतु तेथेंही अशा खुणा मिळालेल्या आहेत. त्याच बाजूस वर्धा नदीच्या खोऱ्यांत जो दगडी कोळसा निघतो, तो ग्लॉसॉप्टेरिसच्या काळच्या रानांचाच बनलेला आहे. जेथें आज इतकें ऊन तेथें पूर्वीं बर्फ कसें होतें? एक तर सारी पृथ्वी गोठली असली पाहिजे, नाहीं तर हे प्रदेश तेव्हां दक्षिण ध्रुवाजवळ एकत्र असले पाहिजेत. वेगेनरनें दुसरें उत्तर स्वीकारलें. त्या प्राचीन दक्षिणभूमीस शास्त्रज्ञ 'गोंडवन' म्हणतात. आणि हें नांव आपल्याच मध्य प्रांतांतील गोंड लोकांच्या मुलखावरून पडलेलें आहे.

असें असूनही बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांनीं वेगेनरचा तर्क झिडकारला. त्यांचा एक प्रश्न मात्र अयोग्य नव्हता. ते विचारीत, "एवढालीं खंडें हलविणारी शक्ति तरी कोणती?" ह्यास त्याला समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. १९३० सालीं ग्रीनलंडच्या बर्फांत संशोधनाच्या कामीं असतांनाच तो मरण पावला, व आपला तर्क खरा ठरलेला पाहणें त्याच्या वांट्यास आलें नाहीं. त्याच्या प्रश्नाचें उत्तर जमिनीवर नव्हतेंच. तें समुद्राच्या तळाशीं होतें.

२. समुद्राच्या तळाची साक्ष

समुद्राचा तळ म्हणजे गाळानें भरलेलें एक सपाट मैदान असावें, असें पूर्वीं वाटत असे. पुढें खोली मोजण्याची एक नवी युक्ति निघाली. जहाजावरून आवाज खालीं सोडावयाचा, तो तळास आपटून परत येण्यास किती वेळ लागतो तें पाहावयाचें, व त्यावरून खोलीचा हिशेब करावयाचा. विहिरींत हांक मारली असतां प्रतिध्वनि येतो, त्यांतलीच ही गोष्ट. अमेरिकेंत मेरी थार्प ही विदुषी व तिचा सहकारी ब्रूस हीझन ह्यांनीं असे असंख्य आंकडे जुळवून अटलांटिक महासागराच्या तळाचा नकाशा काढण्यास आरंभ केला. त्या काळीं स्त्रियांस संशोधनाच्या जहाजांवर जाऊं देत नसत. म्हणून हीझननें समुद्रावरून आंकडे आणावे व थार्पनें मेजापाशीं बसून ते कागदावर उतरावे, असें चाले.

१९५२ सालाच्या सुमारास थार्पच्या ध्यानांत आलें कीं, महासागराच्या मधोमध जी बुडालेली पर्वतरांग आहे, तिच्या माथ्यावरून एक खोल दरी गेलेली आहे. जणूं काय पृथ्वी तेथें उकलत आहे. हीझननें ही गोष्ट प्रथम हंसण्यावारी नेली. परंतु समुद्रांतील भूकंपांचीं ठिकाणें नकाशावर मांडून पाहतां तीं नेमकीं त्याच दरीवर पडलीं, तेव्हां त्यास ती मान्य करावी लागली. पुढें असें कळून आलें कीं, ही रांग एकट्या अटलांटिकमध्यें नसून, चेंडूवरील शिवणीप्रमाणें सर्व महासागरांतून फिरलेली आहे, आणि तिची एकंदर लांबी सुमारें ६५,००० किलोमीटर आहे. पृथ्वीवरील ही सर्वांत लांब पर्वतरांग. परंतु आइसलंडसारखीं थोडीं ठिकाणें सोडलीं तर ती पाण्याबाहेर कोठेंही दिसत नाहीं.

१९६२ सालीं हॅरी हेस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें ह्या सर्वांचा अर्थ लाविला. तो म्हणाला कीं, ह्या दरींतून खालचा तप्त शिलारस वर येऊन निवतो व त्याचा नवा तळ बनतो. तो नवा तळ जुन्या तळास दोन्ही बाजूंस सारतो. आणि महासागरांच्या कडेस ज्या खोल गर्ता आहेत, तेथें जुना तळ पुन्हां पृथ्वीच्या पोटांत जातो.

हें म्हणणें कसोटीस लावण्याचा मान आपल्या शेजारच्या समुद्रास मिळाला. अरबी समुद्राच्या दक्षिणेस कार्ल्सबर्ग नांवाची अशीच एक बुडालेली रांग आहे. १९६२ सालीं 'ओवेन' ह्या इंग्रज जहाजानें तिच्यावरून फेऱ्या घालून तेथील तळाचें चुंबकत्व मोजलें. येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. शिलारस निवतांना त्यांतील लोहाचे कण पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेस वळून तसेच थिजतात. पृथ्वीचा हा चुंबक आजवर पुष्कळ वेळां उलटापालटा झालेला आहे. शेवटचा पालट सुमारें ७,८०,००० वर्षांपूर्वीं झाला. त्यापूर्वीं जर आपलें होकायंत्र असतें, तर त्याची उत्तर दाखविणारी सुई दक्षिण दाखविती. आतां, जर समुद्राचा तळ खरोखर मधल्या दरींतून दोन्ही बाजूंस सरकत असेल, तर सुलट व उलट चुंबकत्वाचे पट्टे दरीच्या डावीउजवीकडे सारखेच पडले पाहिजेत. एकाच मागावरून दोन्ही बाजूंस कापड निघत असावें, व विणकर मधून मधून सुताचा रंग बदलीत असावा, तर दोन्ही कापडांवरील पट्टे जसे एकसारखे उठतील, तसें हें आहे. फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज ह्या दोघां इंग्रजांनीं १९६३ सालीं कार्ल्सबर्ग रांगेच्या मापांचा हाच अर्थ लाविला. पुढें इतर महासागरांतही असेच जोडीजोडीचे पट्टे सांपडले. १९६८ सालापासून 'ग्लोमार चॅलेंजर' ह्या जहाजानें समुद्राच्या तळास भोंकें पाडून नमुने काढिले. तेव्हां दरीजवळचा तळ नवा व दूरचा अधिकाधिक जुना, असें प्रत्यक्षच सिद्ध झालें. ज्यास हंसले तो वेगेनर अशा रीतीनें मरणोत्तर निर्दोष ठरला.

३. पृथ्वीचें रहाटगाडगें

पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचें अंतर सुमारें ६,३७० किलोमीटर आहे. तिचें वरचें थंड व टणक कवच साधारणपणें १०० किलोमीटर जाड आहे. म्हणजे अंड्याच्या मानानें त्याचें टरफल जेवढें, तेवढेंच हें. हें टरफल अखंड नाहीं. त्याचे सात मोठे व पुष्कळ लहान तुकडे झालेले आहेत. ह्या तुकड्यांस भूपट्ट म्हणतात. खंडें व समुद्राचा तळ हीं दोन्ही ह्या भूपट्टांवर बसलेलीं असतात. पुष्कळदां एकाच भूपट्टावर कांहीं भाग जमिनीचा व कांहीं भाग समुद्राचा असतो.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. भूपट्टांच्या खालीं वितळलेल्या दगडाचा समुद्र आहे, असें नाहीं. तेथील खडक घनच आहे. परंतु लोहाराच्या भट्टींत लाल झालेलें लोखंड जसें न वितळतांही वांकतें, तसा हा अतिशय तापलेला खडक लक्षावधि वर्षांच्या ओघांत हळूहळू वाहतो. त्यांतील तापलेला भाग वर चढतो, व निवालेला भाग खालीं उतरतो. शिवाय, समुद्राचा तळ ज्या काळ्या दगडाचा बनलेला आहे तो मधल्या रांगेपासून जसजसा दूर जातो, तसतसा निवून अधिक जड होतो, व शेवटीं गर्तेपाशीं बुडूं लागतो. बाजेवरून घोंगडीचें एक टोंक खालीं लोंबूं लागलें म्हणजे त्याच्या भारानें सबंध घोंगडी घसरते. त्याचप्रमाणें बुडणारी कड आपल्यामागें सबंध भूपट्टास ओढते. वेगेनरला जी शक्ति सांपडली नाहीं, ती मुख्यत्वें हीच होय.

ह्यावरून समुद्राचा तळ म्हणजे एक मोठें रहाटगाडगेंच आहे, असें म्हणतां येईल. एका बाजूनें तो वर येतो, दुसऱ्या बाजूनें खालीं जातो. म्हणूनच समुद्र जरी अति प्राचीन असला, तरी त्याचा तळ तरुण आहे; बहुतेक ठिकाणीं तो २० कोटी वर्षांहून कमी वयाचा आहे. खंडांची गोष्ट निराळी. त्यांचा दगड हलका असल्यामुळें तीं सहसा बुडत नाहींत. तीं फुटतात, जुळतात, झिजतात, परंतु तरंगत राहतात. ह्यामुळें खंडांवर ४०० कोटी वर्षांचेही खडक सांपडतात.

भूपट्टांच्या कडा एकमेकींशीं तीन प्रकारें वागतात.

पहिला प्रकार, दूर जाणाऱ्या कडा. समुद्रांतील रांगा ह्याच प्रकारच्या. तांबडा समुद्र हाही असाच झालेला आहे. आफ्रिका व अरबस्थान एकमेकांपासून फुटून दूर जात आहेत, व त्या फटींत हा नवा समुद्र वाढत आहे.

दुसरा प्रकार, समोरासमोर येणाऱ्या कडा. एक कड समुद्राच्या तळाची असली, तर ती दुसरीच्या खालीं जाते. तेथें खोल गर्ता पडते, मोठे भूकंप होतात, व जवळच ज्वालामुखींची रांग उठते. प्रशांत महासागरांतील मेरियाना गर्ता सुमारें ११ किलोमीटर खोल आहे. तिच्यांत एव्हरेस्ट शिखर ठेविलें, तरी त्यावर दोन किलोमीटर पाणी राहील. परंतु दोन्ही कडा खंडांच्या असल्या, तर दोन्ही हलक्या असल्यामुळें कोणीच बुडत नाहीं. मग जमिनीस सुरकुत्या पडून पर्वत उठतात.

तिसरा प्रकार, एकमेकींस घासून जाणाऱ्या कडा. यार्देन नदीचें खोरें व मृत समुद्र हीं नांवें ह्या पत्राच्या वाचकांस परिचितच आहेत. तीं अशाच एका भेगेवर वसलेलीं आहेत. भेगेच्या पूर्वेकडील भूमि पश्चिमेकडील भूमीच्या मानानें आजवर सुमारें १०५ किलोमीटर उत्तरेस सरकलेली आहे. मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीहून ४०० मीटरांपेक्षां अधिक खालीं आहे, त्याचें कारण हीच भेग. आणि उज्जीया राजाच्या काळीं झालेल्या ज्या भूकंपाचा उल्लेख आमोसाच्या ग्रंथारंभीं आहे, तसे भूकंप त्या देशांत पुनःपुन्हां होतात, त्याचेंही कारण हीच भेग.

४. आपल्या देशाचा प्रवास

आतां ह्या सर्व गोष्टी आपल्या देशाच्या बाबतींत कशा घडल्या, तें पाहूं. गोंडवनभूमि दुभंगूं लागली, तेव्हां हिंदुस्थान हा विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस होता. सुमारें ९ कोटी वर्षांपूर्वीं मादागास्करपासून सुटून तो उत्तरेकडे निघाला. त्या प्रवासांत कांहीं काळ त्याची चाल आजच्या तिपटीइतकी, म्हणजे वर्षास १५ सेंटिमीटरांच्या वर, होती. त्याच्या मागें नवा तळ बनत गेला. तोच आजच्या हिंदी महासागराच्या तळाचा मोठा भाग होय.

सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं हिंदुस्थानचा पश्चिम भाग पृथ्वीच्या पोटांतील एका अति तप्त जागेवर आला. तेव्हां भूमीस लांबच लांब भेगा पडून शिलारसाचे लोंढे वाहिले, व थरावर थर बसले. हाच आपला काळा फत्तर. त्यानें आजही सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश झांकलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर ज्या पायऱ्या दिसतात, त्या ह्या थरांच्या कडा आहेत. अजिंठा व वेरूळ येथील लेणीं ह्याच दगडांत खोदलेलीं आहेत. आपलीं जातीं व पाटे ह्याच दगडाचे. आणि जोंधळा व कापूस पिकविणारी काळी माती ही ह्याच दगडाची झीज होय.

ती तप्त जागा आज कोठें आहे? ती आपल्या जागीं राहिली, व आपण पुढें आलों. जळत्या दिव्यावरून कागद हळूहळू ओढून नेला, तर त्यावर काजळीच्या डागांची ओळ उमटते. तशीच ओळ हिंदी महासागरांत उमटलेली आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, आणि अखेरीस रियुनियन बेट. रियुनियन येथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. ज्या अग्नीनें दख्खनचें पठार घडविलें, त्याचाच तो अवशेष, असें शास्त्रज्ञ मानितात.

हिंदुस्थान व आशिया ह्यांच्या मध्यें तेव्हां टेथिस नांवाचा समुद्र होता. त्याचा तळ आशियाच्या खालीं बुडत गेला, व सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीं खंडास खंड भिडलें. दोन्ही बाजूंची भूमि हलकी. तेव्हां ती दुमडून वर उठली, व हिमालय झाला. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे. परंतु त्याच्या माथ्याचा दगड समुद्रांत बसलेल्या चुनखडीचा असून त्यांत समुद्रांतील प्राण्यांचे अवशेष आहेत. गंडकी नदींत मिळणारे शाळिग्राम हेही, टेथिस समुद्रांत राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांचे दगड झालेले देह होत. ज्या शिखरावर मनुष्य मोठ्या कष्टानें चढतो, तें एके काळीं समुद्राचा तळ होतें, ह्याहून भूमीच्या चंचलतेची मोठी साक्ष कोणती पाहिजे?

५. भूकंप व समुद्राच्या लाटा

हिंदुस्थानचा हा रेटा थांबलेला नाहीं. भूपट्ट दरसाल सरकूं पाहतो, परंतु त्याच्या कडा घर्षणानें अडकून राहतात. वेळूची काठी वांकवीत गेलें असतां ती बराच वेळ सोसते, आणि मग एकदम कडाडून मोडते. तसाच शंभर दोनशें वर्षांचा ताण भूमि एका मिनिटांत सोडते. त्यास आपण भूकंप म्हणतों.

२००४ सालीं २६ डिसेंबर रोजीं सुमात्रा बेटाजवळ असेंच झालें. तेथें समुद्राचा तळ बेटांच्या खालीं जातो. सुमारें १,३०० किलोमीटर लांबीची अडकलेली कड सुटली, तळ उचलला गेला, व त्यावरचें पाणीही उचललें गेलें. त्या लाटा सुमारें दोन तासांत मद्रासच्या किनाऱ्यास पोंचल्या. चौदा देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसें मेलीं. त्या वेळीं हिंदी महासागरांत इशारा देण्याची व्यवस्था नव्हती. परंतु सुमात्राजवळच्याच सिमेउलुए बेटावरील सुमारें ७८,००० लोकांपैकीं सातच मेले. कारण १९०७ सालीं तेथें अशीच लाट आली होती, व "भूमि जोरानें हादरली व समुद्र मागें हटला कीं डोंगरावर पळा," हें तेथील आजीआजोबा नातवंडांस सांगत आले होते. थायलंडच्या एका किनाऱ्यावर एका दहा वर्षांच्या इंग्रज मुलीनें, दोनच आठवडे आधीं शाळेंत शिकलेला भूगोलाचा धडा आठवून, पाण्याची खूण ओळखली, व तिच्या सांगण्यानें तेथील माणसें वेळीं बाहेर निघालीं. धडा शिकल्यानें जीव वांचतो, ह्याचीं हीं दोन उदाहरणें आहेत.

आपला पश्चिम किनाराही ह्यांतून सुटलेला नाहीं. १९४५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत मकरानच्या किनाऱ्याजवळ, जेथें अरबी समुद्राचा तळ आशियाच्या खालीं जातो, मोठा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईपर्यंत आली, व तेथेंही कांहीं माणसें बुडालीं.

परंतु कडेपासून दूर, दख्खनच्या मधोमध, भूकंप कां व्हावा? ह्याचें उत्तर असें कीं, भूपट्ट दक्षिणेकडून पुढें सारला जात आहे व उत्तरेस हिमालयापाशीं अडलेला आहे. त्यामुळें सबंध भूपट्टावर दाब असतो, व त्याच्या पोटांत ज्या जुन्या भेगा आहेत, त्यांपैकीं एखादी कधीं तरी सरकते. १९६७ सालीं ११ डिसेंबर रोजीं कोयनेस भूकंप झाला; तेथें धरणाच्या पाण्यानें आधींच ताणलेल्या भेगेस चालना मिळाली, असें शास्त्रज्ञांचें मत आहे. १९९३ सालीं ३० सप्टेंबरच्या पहाटें, चार वाजण्यास चार मिनिटें असतां, किल्लारी व आसपासचीं गांवें झोंपेंत असतांना भूमि हादरली, व हजारों माणसें गतप्राण झालीं.

६. ह्या ज्ञानाचा उपयोग

असा प्रसंग आला म्हणजे लोक विचारतात, "हें कोणाच्या पापाचें फळ?" १९३४ सालीं बिहारांत मोठा भूकंप झाला, तेव्हां गांधीजींनीं तो अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असें म्हटलें. रवींद्रनाथ ठाकूर हेही अस्पृश्यतेचे विरोधीच. तरी सृष्टींतील घडामोडींचा असा अर्थ लावणें योग्य नव्हे, असें त्यांनीं जाहीरपणें कळविलें. भूमीची चाल आपण पाहिली. ती किल्लारीच्या लोकांचें पाप किंवा पुण्य पाहून हललेली नाहीं. पांच कोटी वर्षें चाललेल्या रेट्याचा तो एक अंश होता. ज्यांचीं लेंकरें ढिगाऱ्याखालीं गेलीं, त्यांच्या दुःखावर दोषाचा भार कोणीं घालूं नये.

परंतु भूकंप आपल्या हातचा नसला, तरी घर आपल्या हातचें आहे. किल्लारीस माणसें मेलीं तीं बहुतेक भिंतींनीं व छतांनीं मेलीं. तेथील माळवदाचीं घरें ओबडधोबड दगड चिखलांत रचून बांधलेलीं होतीं; आणि पाऊस गळूं नये म्हणून माळवदावर वर्षानुवर्षें माती चढवीत गेल्यामुळें छताचा भार फार वाढलेला होता. हलक्या छपराच्या झोंपड्यांनीं फारसा अपाय केला नाहीं. ह्यावरून जे घर बांधतील त्यांनीं ह्या गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. छत हलकें असावें. दगडी भिंतींत मधून मधून आरपार जाणारे लांब दगड घालावे, म्हणजे भिंत उभी फाटत नाहीं. जोत्याच्या, दारांच्या माथ्याच्या व छताच्या पातळीस लोखंडी सळया घातलेला सिमेंटचा पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरवावा; पिंपास जसें कडें, तसा घरास हा पट्टा होय. चिखलाऐवजीं सिमेंटचा माल वापरावा.

भूमि हादरूं लागली, तर दाराजवळ असणाऱ्यानें उघड्या जागीं जावें. आंत अडकलेल्यानें भक्कम मेजाखालीं शिरून डोकें झांकावें. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं जोराचा व लांबलेला धक्का बसतांच उंच जागीं जावें. समुद्र मागें हटण्याची वाट पाहूं नये, कारण तो आधीं मागें हटतोच असें नाहीं. २००७ सालापासून हैदराबाद येथील सरकारी केंद्रांतून अशा लाटांचा इशारा दिला जातो, तो मानावा. मात्र "अमक्या दिवशीं अमक्या वेळीं भूकंप होणार," असें सांगणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवूं नये. दिवस व वेळ सांगण्याची विद्या अद्याप कोणत्याही शास्त्रज्ञास साधलेली नाहीं.

पायाखालची जमीन सरकत आहे, हें कळल्यानें भ्यावयाचें नाहीं. तिच्या त्याच चालीनें आपणांस काळी माती दिली, कोळसा दिला, आणि हिमालयाच्या बर्फानें भरलेल्या नद्या दिल्या. ती थांबणार नाहीं. तेव्हां तिची रीत ओळखून घर बांधणें, एवढेंच आपलें काम आहे.

प्रश्न

१. खंडें पूर्वीं एकत्र होतीं, ह्याविषयीं वेगेनरनें कोणते पुरावे दिले? त्यांपैकीं कोणते आपल्या देशांत मिळतात?

२. समुद्राचा तळ तरुण व खंडें वृद्ध, असें कां?

३. कार्ल्सबर्ग रांगेवरील चुंबकत्वाच्या पट्ट्यांवरून काय सिद्ध झालें?

४. भूपट्टांच्या कडा किती प्रकारें वागतात? प्रत्येकाचें एक उदाहरण द्या.

५. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रांतील प्राण्यांचे अवशेष कसे आले?

६. आपल्या गांवांतील घरें पाहून या, व त्यांपैकीं कोणतीं मोठा धक्का सोसतील व कोणतीं सोसणार नाहींत, ह्याचा आपसांत विचार करा.